मराठी शब्दकोडं: सोडवणाऱ्यांचे आणि रचणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दर दिवाळीला आमच्या सोसायटीच्या अंकात मी एक शब्दकोडं देते. अंक घरोघरी पोचला की पुढचे आठ दिवस जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी लोक मला गाठतात. तेव्हा जे विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही सोडवणाऱ्यांचे आहेत, काही "मलाही एक करून बघायचंय" म्हणणाऱ्यांचे. भांडायला आलेल्यांचेही आहेत आणि खरं तर तेच सगळ्यात कामाचे.

'क्लू'ला मराठीत काय म्हणायचं?

कुणी सूत्र म्हणतं, कुणी संकेत, कुणी नुसतं 'आडवे शब्द' आणि 'उभे शब्द' असं लिहून मोकळं होतं. जिन्यात भेटणारे सगळे क्लूच म्हणतात. मीही तेच म्हणते.

एका घरात नेमकं काय लिहायचं?

एक अक्षर, त्याच्या काना-मात्रा-वेलांटी-उकार-अनुस्वारासकट. जोडाक्षर कितीही मोठं असलं तरी एकाच घरात. 'महाराष्ट्र' चार घरांत मावतो: म, हा, रा, ष्ट्र. 'आनंद' तीन घरांत. 'सूर्य' दोन घरांत, कारण रफार ज्याच्या डोक्यावर बसतो त्याच्याच घरी राहतो. क्लूच्या शेवटी कंसात जो आकडा असतो तो घरांचा.

हे एवढंसं वाटतं, पण मराठी कोड्याचा सगळा स्वभाव यातून ठरतो. इंग्रजी कोड्यात एका घरात २६ पैकी एक काहीतरी येणार. आपल्याकडे ३४ व्यंजनं बाराखडीने गुणली तर ४०८ होतात. त्यात स्वर, ॲ-ऑ आणि जोडाक्षरं वेगळीच. म्हणून इंग्रजीत, विशेषतः अमेरिकी कोड्यांत, प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत असतं, ते आपल्याकडे जमवायला गेलं तर माणूस वेडा होईल. अमेरिकी कोड्यात दोन अक्षरी शब्द चालत नाही. आपण तो नियम पाळला तर घर, पान, नदी, हात, वारा सगळेच बाद. इंग्रजी कोड्याचा साचा उचलून त्यात मराठी भरायला गेलं की जे अवघडलेपण येतं ते इथूनच येतं. आपलं घर अक्षराचं आहे, तर नियमही अक्षराचेच असायला हवेत. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी हेच वेगवेगळ्या प्रकारे सांगणार आहे.

आडव्या आणि उभ्या शब्दाच्या सामाईक घरात ह्रस्व-दीर्घ जुळलंच पाहिजे का?

हो. "चालवून घ्या हो" म्हणणारे भेटतात आणि काही छापील कोड्यांत ते चालवूनही घेतलेलं असतं. मी घेत नाही. कारण असं की मराठीत एका वेलांटीने शब्द बदलतो. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा, आणि सारथीही. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. सलिल म्हणजे पाणी, सलील म्हणजे लीलेने केलेलं. घरात 'दि'ही चालेल नि 'दी'ही चालेल असं म्हटलं, की सोडवणाऱ्याच्या हातातली एकमेव खात्रीची गोष्ट आपण काढून घेतो.

माझीच फजिती सांगते. एका वर्षी मी उभा 'गुरू' आणि आडवा 'रुमाल' एकाच घरात गाठले. गुरू लिहिताना शेवटचा रू दीर्घ, रुमालातला रु ह्रस्व. अंक वाटला त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका चष्मा पुसत दारात उभ्या. "बाई, तुमच्या घरात दोन भाडेकरू राहतायत," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून जाळी पूर्ण झाली की मी प्रत्येक सामाईक घर दोनदा मोठ्याने वाचते, एकदा आडवं, एकदा उभं.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आहेत. १९६२ मध्ये १४ आले, १९७२ मध्ये आणखी ४. कोडं करणाऱ्याला त्यातले तीन पाठ असले तरी पुरतं.

पहिला: शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ. कवी, मती, गुरू, वस्तू. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्दसुद्धा. अपवाद आणि, नि, तथापि, परंतु असे थोडे. म्हणजे 'कवी'चं शेवटचं घर वीज, वीट, वीर यांना देता येतं, विमानाला किंवा विहिरीला नाही.

दुसरा: समासात तत्सम शब्द पहिला आला तर मूळचा ह्रस्व परत येतो. गुरू, पण गुरुकुल. कवी, पण कविराज.

तिसरा: शेवट अकारान्त असलेल्या मराठी शब्दात त्याच्या आधीची वेलांटी-उकार दीर्घ. वकील, गरीब, फूल, विहीर. पण रूप बदललं की ह्रस्व: फुले, विहिरी. तत्सम शब्द मात्र मूळ रूप सोडत नाहीत, म्हणून मधुर, मंदिर, गुण, विष. अनेकवचन मागणारा क्लू असेल तर सोडवणाऱ्याने इथे सावध राहावं.

जाता जाता: उलटसुलट सारखंच वाचता येणारं म्हणून आपण लहानपणी जे 'चिमा काय कामाची' घोकलं, ते आजच्या नियमांनी नापास होतं. सुरुवातीला चि, शेवटी ची. 'ती होडी जाडी होती' आणि 'रामाला भाला मारा' मात्र पैकीच्या पैकी.

उत्तर 'केळे' लिहायचं की 'केळं'?

जाळीत 'केळे', 'सोने', 'धुपाटणे'. आपण बोलतो केळं, सोनं, धुपाटणं, आणि मी हा मजकूरही तसाच लिहिते आहे. पण जाळीत एकच पद्धत हवी, नाहीतर शेवटच्या घरात 'ळे' की 'ळं' हा पेच प्रत्येक शब्दाला पडतो. तुमच्या अंकाने अनुस्वाराची पद्धत ठरवली तरी बिघडत नाही. कोड्याच्या वर एक ओळ छापा म्हणजे झालं.

साधा क्लू आणि क्रिप्टिक क्लू यांत फरक काय?

साध्या क्लूत फक्त अर्थ दिलेला असतो: 'पंकज (३)', उत्तर कमळ. क्रिप्टिकमध्ये अर्थ असतोच, शिवाय शब्द जुळवायची एक कृतीही दडवलेली असते, आणि दोन्ही मिळून एक निरागस दिसणारं वाक्य बनतं. वाक्य जे सांगतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, वाक्यातले शब्द जे सांगतात त्यावर ठेवायचा.

हे परकं वाटत असेल तर आपला जुना कूटश्लोक आठवा: 'केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः । रुदन्ति कौरवाः सर्वे हा हा केशव केशव ॥' केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला आणि कौरव रडू लागले! महाभारत वाचलेला कुणीही म्हणेल, हे भलतंच. पण 'केशवं' फोडलं की 'के' म्हणजे पाण्यात आणि 'शवं' म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे कावळा, कौरव म्हणजे कोल्हे. पाण्यात पडलेलं प्रेत बघून कावळा खूश, कोल्ह्यांची पंचाईत. शब्द फोडणं आणि श्लेष, दोन्ही युक्त्या एका श्लोकात. उखाणासुद्धा नाव घेण्यापुरता उरण्याआधी कोडंच होता. क्रिप्टिकसाठी लागणारा कान आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त त्याला जाळीची सवय नाही.

मग मराठीत क्रिप्टिक क्लू होतात कसे? उदाहरणं द्या.

सगळ्यात सोपा आणि आपल्या भाषेला सगळ्यात मानवणारा प्रकार म्हणजे श्लेष. एका शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवायचे. 'टपालाने आलेलं पान (२)' म्हणजे पत्र. 'सरकारने मागितलेला हात (२)' म्हणजे कर. 'खाली नसलेला नवरदेव (२)' म्हणजे वर.

श्लेषात मराठीची एक खास गंमत आहे. च, ज, झ यांचे आपण दोन-दोन उच्चार करतो, पण लिहितो एकसारखेच. त्यामुळे 'थोडंसं म्हातारपण (२)' याचं उत्तर जरा. बोलताना हे दोन शब्द कुणी एकमेकांत मिसळणार नाही, कागदावर ते जुळे भाऊ आहेत. तसंच 'पाण्याने भरून ठेवलेली दुनिया (२)', जग. इंग्रजीत लोक सारख्या उच्चाराच्या, वेगळ्या स्पेलिंगच्या शब्दांवर क्लू रचतात. आपण बोलतो तसं लिहितो, त्यामुळे तो प्रकार आपल्याकडे फारसा फळत नाही. त्याची भरपाई ही अशी उलट्या बाजूने होते.

दुसरा प्रकार लपवाछपवीचा. उत्तर क्लूच्या शब्दांत सलग बसलेलं असतं. 'नाटक मळमळीत, आत फूल (३)'. 'नाटक'चा क आणि पुढचे म, ळ: कमळ. किंवा 'कोय नाही, आत नदी (३)'. कोयना! हा क्लू मला आंबा खाताना सुचला आणि मी आंबा तसाच टाकून वही शोधायला पळाले.

तिसरा उलटण्याचा. 'उलटी वाहणारी नदी गरीब (२)'. न-दी उलटी केली की दी-न. इथे ह्रस्व-दीर्घाचा हट्ट कामी येतो बघा. उत्तर दीन असल्यामुळेच हा क्लू सचोटीचा आहे. त्यातून 'दिन' काढता येत नाही, कारण नदीतली दी दीर्घ आहे.

चौथा काटछाटीचा. 'पगाराचं डोकं उडालं, थंड (२)'. पगारातला प गेला, गार उरलं. महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर हा क्लू लोकांना लगेच सुटतो.

पाचवा जोडणीचा. 'चरण गोळा झाले, त्यांचं वस्त्र (४)'. पाय अधिक जमा, पायजमा. योगायोग असा की मूळ फारसीतही पहिला भाग पायच आहे, फक्त दुसरा 'जामा', म्हणजे वस्त्र.

सहावा पोटात घालण्याचा. 'दिवसाच्या पोटात नकार, माकडच ते (३)'. दिवस म्हणजे वार, त्यात न, झाला वानर.

आणि अक्षरांची अदलाबदल?

तिला स्वतंत्र उत्तर द्यावं लागतं, कारण भांडणं सगळ्यात जास्त तिच्यावरून होतात.

'कलम बिघडलं तरी फूल (३)'. क-ल-म बिघडवलं की क-म-ल. 'गोंधळून विकता केशवसुतांची निर्मिती (३)'. वि-क-ता गोंधळले की क-वि-ता. दोन्हीत अक्षरं आपापल्या काना-वेलांटीसकट जागा बदलतात. 'बिघडलं', 'गोंधळून' यांसारखा शब्द अदलाबदलीची खूण म्हणून क्लूत असलाच पाहिजे.

आता मोहाची जागा. 'नवरा' हलवला की 'वानर' होतो असा एक क्लू मला दरवर्षी कुणीतरी मोठ्या उत्साहाने आणून देतं. बहुधा बायका. नीट बघा: नवऱ्याचा काना र वर आहे, वानराचा व वर. म्हणजे अक्षरं तर हललीच, शिवाय एका अक्षराचा काना काढून दुसऱ्याला दिला. हे मी चालवत नाही. घर अक्षराचं आहे तर अदलाबदलही अक्षरांची. एकदा काने-मात्रा सुटे करून फिरवायची मुभा दिली की कशाचंही काहीही होतं. वाईट वाटतं खरं, क्लू म्हणून तो फारच चविष्ट आहे.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. इंग्रजीत शब्द वाक्यात जसाच्या तसा उभा राहतो. आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्द वाकतो: पगार, पगाराचं, कविता, कवितेत. डोकं उडवणं, उलटणं अशा कृतींत मूळ शब्द सहज कळत असेल तर मी वाकलेलं रूप चालवून घेते. अदलाबदलीत आणि लपवाछपवीत मात्र क्लूत छापलेली अक्षरंच वापरायची. तिथे सवलत नाही.

क्रिप्टिक क्लूत अर्थ सांगणारा भाग कुठे असतो?

सुरुवातीला किंवा शेवटी, मध्ये कधीच नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं, त्यामुळे अर्थ टोकाला ठेवायचा तर क्रियापद गाळावं लागतं. म्हणून वरचे सगळे क्लू म्हणींसारखे तुटक वाटतात: 'आत फूल', 'आत नदी'. 'नाचता येईना, अंगण वाकडं' यातही क्रियापद गाळलेलंच आहे आणि ते कुणाला खटकत नाही.

चांगला क्लू आणि वाईट क्लू कसा ओळखायचा?

अफ्रिट या टोपणनावाने कोडी करणारे ए. एफ. रिची म्हणून एक इंग्लिश धर्मोपदेशक होते. १९४९ मध्ये त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा: शब्दांचा वरवरचा अर्थ माझ्या मनातला नसला तरी चालेल, पण माझ्या मनातलं शब्दांत आलंच पाहिजे. माझ्याकडे याहून चांगली कसोटी नाही.

कोयनेचा क्लू मी आधी असा लिहिला होता: 'आंब्याला कोय नाही, आत नदी'. वाचायला जास्त छान. पण 'आंब्याला' काही काम करत नव्हतं, नुसतं शोभेला होतं. सोडवणारा बिचारा आंब्यात नदी शोधत बसला असता. काढून टाकलं. क्लूतला प्रत्येक शब्द पगार घेतो तर त्याने काम केलं पाहिजे.

साध्या क्लूची कसोटी वेगळी. 'एक पक्षी (२)' हा क्लू नाहीच. मोर, घार, बक, शुक, काहीही बसेल. 'कार्तिकेयाचं वाहन (२)' म्हटलं की मोर एकटाच उरतो. क्लू कठीण असू दे, मोघम नको.

आणखी एक गोष्ट, जी नव्या रचणाऱ्यांना हमखास नडते: व्याकरण. उत्तर नाम असेल तर क्लूचा अर्थही नामच असावा, क्रियापद असेल तर क्रियापद. 'धावणे'साठी 'पळ' चालणार नाही, 'पळणे' हवं. लिंगाचंही भान ठेवा. हार गळ्यात पडतो आणि हार पदरी पडते. 'पडला' की 'पडली' एवढ्यानेच उत्तर उघडं पडतं, किंवा हवं तर सोडवणाऱ्याला चकवता येतं.

कोडं रचायला कुठून सुरुवात करू?

चौकटीच्या वहीपासून आणि खोडरबरापासून. मी ९ बाय ९ ची जाळी घेते. आधी मला हवे असलेले दोन-तीन लांब शब्द, पाच-सहा अक्षरी, एकमेकांना कुठे छेदू शकतात ते बघते. दिवाळी अंक असेल तर त्यातला एखादा फराळाचा. ते बसले की मधल्या जागा तीन-चार अक्षरी शब्दांनी आणि शेवटी दोन अक्षरींनी भरायच्या. काळी घरं आपोआप ठरत जातात. इंग्रजी जाळी उलटी धरली तरी नक्षी तीच दिसते, असा त्यांच्याकडे दंडक आहे. मी त्याच्या मागे लागत नाही. सुंदर नक्षीसाठी रद्दी शब्द भरण्यापेक्षा वाकडी जाळी आणि जिवंत शब्द बरे.

जोडाक्षरं कडेला ठेवा, म्हणजे अशा घरात की जे एकाच शब्दात आहे. 'ष्ट्र'ने सुरू होणारा शब्द तुम्हाला कोशात मिळायचा नाही. उलट र, क, ल, ता, ना, मा, का, रा, सा ही अक्षरं चौकात ठेवा. ती कुणाशीही जमवून घेतात.

आकडे शेवटी. वरच्या ओळीपासून डावीकडून उजवीकडे जायचं आणि ज्या घरातून आडवा किंवा उभा शब्द सुरू होतो त्याला पुढचा आकडा द्यायचा. दोन्ही सुरू होत असतील तरी आकडा एकच.

क्लू सगळ्यात शेवटी लिहा आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी स्वतःलाच सुटले नाहीत तर फाडा. हे गमतीने म्हणत नाही, माझं झालंय.

कोणते शब्द टाळावेत?

अज, अली, तोय, पय, नग, रव. हे शब्द कोड्याबाहेर कुणी वापरत नाही. रचणारा अडला की कोपऱ्यात एक 'अज' बांधून ठेवतो आणि क्लू लिहितो 'बोकड'. एखादा चालेल, तीन झाले तर गोठा होतो.

जातिवाचक टोमणे, व्यंगावरून पडलेले शब्द, आजारांची नावं हीही नकोत. लोक कोडं चहाबरोबर सोडवतात. सिनेनटांची आणि मालिकांची नावं टाळावीत असं माझं मत. सोसायटीतली तरुण मंडळी यावर नाराज आहेत.

अडकले की काय करू?

आधी गाळलेल्या जागा आणि म्हणी सोडवा. 'हाती आले ____ (४)' दिसलं की तेल-तूप आठवून धुपाटणे भरून टाका. मग त्याच्या घरांतून जाणारे उभे शब्द घ्या. क्लू 'करणे', 'जाणे' अशा वळणाचा असेल तर शेवटच्या घरात हलक्या हाताने 'णे' लिहून ठेवा. शेवटच्या घरात वेलांटी-उकार येणार असेल तर ती दीर्घच, हे आधीच माहीत आहे.

जुळ्या शब्दांची जुळवण घाईने करू नका. 'अग्नी (३)' म्हणजे अनल आणि 'वारा (३)' म्हणजे अनिल. पहिलं आणि शेवटचं घर सारखंच, भांडण सगळं मधल्या घराचं. तिथून जाणारा शब्द सुटेपर्यंत मधलं घर मोकळं ठेवा.

आणि उठून जा. भाजी चिरताना निम्मे क्लू सुटतात.

कोश बघितला तर फसवणूक होते का?

तुमच्या घरात, तुमच्या पेनाने, कसली फसवणूक? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. फक्त शब्दाचं लेखन तिथून उचलू नका. दोन्ही कोश आजच्या नियमांच्या आधीचे आहेत. अर्थ जुन्या कोशातून घ्या, वेलांटी आजची.

संगणकावर कोडं केलं तर घरं चुकतात, का?

कारण संगणक अक्षर मोजत नाही, त्यामागची चिन्हं मोजतो. 'क्षत्रिय' आपल्यासाठी तीन घरं: क्ष, त्रि, य. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, तो क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य असा आठ चिन्हांचा आहे. इंग्रजीसाठी बनवलेलं साधन त्याला आठ घरं देतं किंवा जोडाक्षर मध्येच फोडतं. देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या अक्षरविभागणीत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, पण सगळ्या साधनांपर्यंत तो पोचलेला नाही. तोपर्यंत चौकटीची वही झिंदाबाद.

आजोबा म्हणायचे शब्दकोडं म्हणजे जुगार. खरं का?

त्यांच्या काळात बऱ्याच अंशी खरं. तेव्हा प्रवेशशुल्क भरून मोठ्या बक्षिसांसाठी शब्दकोडी भरायची टूम होती. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या स्पर्धा बंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातून चालायच्या आणि मुंबई राज्यातूनही प्रवेशिका जायच्या. मुंबई सरकारने आपल्या १९४८ च्या कायद्याखाली त्यांच्यावर कर लावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५७ मध्ये निकाल लागला की या स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाच्या आहेत. त्याआधी संसदेने १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धांचा कायदा केला होता. महिन्याला एकूण एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षीस नाही आणि दोन हजारांपेक्षा जास्त प्रवेशिका नाहीत, अशा त्यात मर्यादा आहेत. ज्या स्पर्धा मुख्यतः कौशल्यावर चालतात त्यांना तो लागू नाही, असंही न्यायालयाने त्याच वर्षी स्पष्ट केलं.

मला यातली मेख आवडते. त्या कोड्यांत एका क्लूला दोन-तीन सारखीच योग्य उत्तरं असत आणि 'अधिकृत' उत्तर संपादकाकडे आधीच ठरलेलं असे. म्हणजे तुम्ही शब्द ओळखत नव्हता, संपादकाच्या मनातलं ओळखत होता. 'एक पक्षी (२)' लिहिणाऱ्याने हा निकाल जरूर वाचावा.

पहिलं शब्दकोडं कुणी केलं?

लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन यांनी. २१ डिसेंबर १९१३ च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये ते छापून आलं, आकार शंकरपाळ्याचा. लंडनच्या 'टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० ला आपलं रोजचं कोडं सुरू केलं.

शब्दकोड्याने स्मरणशक्ती वाढते का?

मी वीस वर्षं कोडी सोडवते आहे आणि आत्ता हे लिहिताना चष्मा शोधत होते. डोक्यावर होता.

सरावाला काही क्लू द्याल?

मतदार यादीतली होडी (२)
राधा मागे वळताच सरी (२)
बिनतोंडाची सकाळ म्हणजे यम (२)
पराभवाची माळ (२)
डोळा इकडून बघा, तिकडून बघा (३)
हौसा, ताराबाई यांच्यामधलं गाव (३)
सापामागून महापूर, संत्र्यांच्या गावी (४)

उत्तरं?

नाव, धारा, काळ, हार, नयन, सातारा, नागपूर. सरळ क्रमाने दिली आहेत, कारण उलटी छापली तरी तुम्ही मोबाइल फिरवणारच.